घाट चढणारे ओझे आणि बघणारा

दुसरा राबत असताना त्याकडे केवळ आनंदासाठी बघत राहणे कितपत उचित, हा प्रश्न आमच्या मंडळात एका सहलीच्या आखणीवरून उभा राहिला. कसारा-इगतपुरीच्या थळ घाटात दोन दिवस मुक्काम करून चढणाऱ्या मालगाड्या बघाव्यात, असे आम्हा काही निवृत्तांच्या मनात आहे. बेत ऐकून एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी विचारले, ‘‘अहो, मालगाड्या काय आपल्या चलथाणच्या स्टेशनावरून जात नाहीत? आणि हमालाच्या पाठीवरचे पोते बघायला कोणी तिकीट काढून जातो का?’’ त्यांचा पहिला प्रश्न थट्टेचा होता, दुसरा नव्हता.

पहिल्याचे उत्तर सोपे आहे. चलथाणवरून गाड्या जातात हे खरेच. ताप्ती खोऱ्यातील हा जुना लोहमार्ग. उधना ते जळगाव या संपूर्ण टप्प्याचे दुहेरीकरण २०१८ साली पुरे झाले. परंतु सपाटीवर ओझे दिसत नाही. पोलादी रुळावर पोलादी चाकाला विरोध इतका थोडा असतो की, एकदा वेग घेतल्यावर कोळशाने भरलेली गाडी आणि रिकामी गाडी बघणाऱ्याला जवळजवळ सारख्याच डौलाने जाताना दिसतात. शासकीय सेवेत ‘टन’ हा शब्द आम्ही आयुष्यभर तक्त्यांतून लिहिला, त्यांच्या बेरजा केल्या, त्यांवर सह्या केल्या. टन म्हणजे काय हे त्यातून कधी कळले, असे म्हणवत नाही.

घाटात मात्र ते कळते. थळ आणि बोर या दोन्ही घाटांतील सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांना १ फूट असा आहे. म्हणजे गाडीच्या प्रत्येक हजार टन वजनामागे सुमारे २७ टनांचे बळ तिला सतत मागे ओढत असते. कोळशाच्या ५८ वाघिणींची भरलेली गाडी साडेचार हजार टनांच्या वर जाते; पुढचा हिशेब वाचकांनीच करावा. इतके बळ पुढच्याच टोकाला लावले तर वाघिणी जोडणाऱ्या कप्लिंगला तो ताण सोसणार नाही. म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे इंजिने लागतात, ज्यांना रेल्वेत बँकर म्हणतात. पुढची ओढतात, मागची रेटतात. इगतपुरी आली की मागची सुटतात आणि पुढच्या गाडीसाठी पुन्हा खाली जातात. मनमाडकडे निघालेल्या त्या गाडीवर त्यांची काही खूण उरत नाही. उतरणीचा प्रकार निराळाच. तेथे ओढण्याचा नव्हे, आवरण्याचा प्रश्न असतो, आणि आवरली न गेलेली गाडी चढावर नेऊन थांबवण्यासाठी घाटात खास फाटे काढून ठेवलेले आहेत.

दुसरा प्रश्न कठीण आहे. रोमन कवी ल्युक्रेशियस याने आपल्या काव्याच्या दुसऱ्या सर्गाच्या आरंभी असे म्हटले आहे की, वादळात सापडलेल्या नावेची धडपड किनाऱ्यावरून बघणे सुखद असते; दुसऱ्याचे दुःख गोड लागते म्हणून नव्हे, तर आपण त्यातून सुटलो आहोत हे जाणवते म्हणून. निवृत्त माणसाला हे वचन जरा झोंबणारे आहे. काम करणाऱ्याकडे बाकावर बसून बघण्यात ‘सुटलो बुवा’ हा सुस्कारा मिसळलेला असतोच. आपल्याकडील सांख्यांनी बघणाऱ्याला याहून मोठा मान दिला. प्रकृती नर्तकीप्रमाणे नाचते, पुरुष प्रेक्षकाप्रमाणे बघतो. तो करीत काही नाही आणि त्याला चिकटतही काही नाही. उतारवयात ही भूमिका फार मोहक वाटते. आमच्या मंडळातील दोघातिघांनी ती सहलीच्या समर्थनार्थ मांडलीही.

आम्हांस ती पटत नाही. नर्तकीच्या नृत्यातून सांख्यांच्या पुरुषाच्या घरी धान्य येत नाही. आमच्या घरी येते. त्या वाघिणींत गहू असतो, खत असते, सिमेंट असते, आमच्या घरातील दिवा ज्यावर जळतो तो कोळसा असतो. मालगाडी बघणारा मनुष्य प्रेक्षक नव्हेच. तो माल उतरवून घेणारा आहे. उगवता सूर्य निर्हेतुकपणे बघता येईल, मालगाडी नाही. म्हणून बघण्यात पाप आहे असे आम्ही म्हणत नाही. ज्याचे ओझे आहे त्याने ते एकदा चढताना बघावे, यात अनुचित काही नाही. उलट, आपला त्याच्याशी संबंध नाही अशा थाटात बघणे, यातच लबाडी आहे.

आता या वाटा कोणी केल्या तेही आठवावे लागते. थळ घाटाचा मार्ग १८६५ साली खुला झाला, बोरघाटाचा त्याआधी दोन वर्षे. बोरघाटात २५ बोगदे खोदले गेले. काम ऐन भरात असताना, १८६१च्या सुमारास, तेथे ४२,०००वर माणसे राबत होती. पटकीने आणि तापाने त्यांतील हजारो गेली. इतिहासात नाव राहिले ते कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेलचे, जो १८५९ साली येथे आल्यावर काही आठवड्यांतच वारला, आणि त्याच्या पत्नीचे, ॲलिसचे, जिने ते कंत्राट पुरे करून घेतले. बाईंचे कर्तृत्व मोठेच. परंतु बोगद्यात सुरुंगाची भोके पाडणाऱ्यांपैकी एकाचेही नाव आम्हांस वाचावयास मिळालेले नाही. लोकमानसाला ही उणीव जाणवली असावी. घाटाची वाट इंग्रजांना दाखवणारा आणि त्यापायीच प्राणास मुकलेला धनगर शिंग्रोबा, ही आख्यायिका खरी की खोटी या वादात आम्ही पडत नाही. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर त्याचे देऊळ आहे आणि ट्रकचालक तेथे हात जोडून पुढे जातात. पुराव्यावाचून कृतज्ञ राहण्याची ही रीत आम्हांस अभ्यासकांच्या मौनापेक्षा बरी वाटते.

येथवर युक्तिवाद नीट चालतो. आमच्या चलथाणात येऊन तो अडतो. दिवाळी सरली की येथील साखर कारखान्याच्या परिसरात ऊसतोडणीच्या टोळ्या उतरतात. डांग, नंदुरबार, धुळे येथून नवरा-बायकोच्या जोड्या येतात, आणि अशा जोडीला हिशेबाच्या वहीत ‘कोयता’ असेच म्हणतात. ज्या खानदेशातून आपल्यापैकी कित्येकांचे आजे-पणजे सुरतेकडे आले, त्याच वाटेने ही माणसे येतात, आणि मोसम संपला की परत जातात. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९६०च्या दशकापासून दक्षिण गुजरातेतील मजुरांचा पिच्छा पुरवून त्यांच्या जगण्यावर ग्रंथ लिहिले. आम्ही मात्र पहाटे उसाच्या गाड्या वाजल्या की कूस बदलतो. येथे चढ नाही, मागून रेटणारे इंजिन नाही, म्हणून वजन डोळ्यांत भरत नाही. रुळावर चढ आहे म्हणून दिसणारे ओझे बघायला डोंगर ओलांडून जावे, आणि दाराशी, आपल्याच बोलीत बोलणाऱ्यांच्या डोक्यावरची मोळी दिसू नये, या विसंगतीला आमच्यापाशी उत्तर नाही. हमालाच्या पोत्याविषयी जे विचारले गेले त्याचा रोख कदाचित येथेच असेल. सहल रद्द केल्याने ती विसंगती मिटेल, असेही आम्हांस वाटत नाही. न बघण्याने कोणाच्या डोक्यावरची मोळी हलकी झालेली नाही.

तेव्हा बेत कायम आहे. सापुतारा-नाशिकवरून मोटारीने जावे असे एकाचे मत, कल्याणवरून गाडीनेच घाट चढावा असे इतरांचे. बहुमत दुसऱ्या बाजूला आहे, कारण चढणाऱ्या गाडीत बसून मागच्या इंजिनाचा रेटा पाठीला जाणवतो का, हे बघायचे आहे. दिवस भाद्रपदाच्या अखेरीचे धरले आहेत. त्याआधी धुक्यात समोरचा डोंगरही दिसत नाही. रुळांच्या जवळ कोणी जायचे नाही, हे ठरले आहे. बँकर इंजिनांच्या चालकांपैकी कोणी इगतपुरीत भेटले तर त्यांच्याशी दोन शब्द बोलावेत, अशी सर्वांचीच इच्छा आहे. परंतु कामावरच्या माणसाला आपल्या हौसेसाठी थांबवणे बरे नव्हे, म्हणून ते त्यांच्या सवडीवर सोडले आहे.