रेषा सांबऱ्याहून निघते

बेळगावचा सांबरा विमानतळ आणि मुंबईचा विमानतळ यांत सरळ रेषेत साधारण ४०० किलोमीटर अंतर आहे. दिल्ली धरली तर १४०० च्या थोडं पुढे. दोन्ही ठिकाणचे अक्षांश-रेखांश घेऊन पृथ्वीच्या गोलावरची सर्वांत आखूड रेषा मोजली की हे आकडे मिळतात, आणि ते बरोबरच आहेत. फक्त ही रेषा कर्नाटकातल्या निपाणीतून निघत नाही. निपाणीकराला तवंदीचा घाट, संकेश्वर, हत्तरगीचा टोलनाका, काकती असं करत बेळगाव गाठायचं आणि मग शहराला वळसा घालून पूर्वेला सांबऱ्याकडे जायचं, यात दोन तास सहज मोडतात. १९४२ साली हा तळ ब्रिटिश हवाई दलासाठी झाला, तेव्हा निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्याची सोय कुणाच्या डोक्यात असणार? उलट कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ हायवेला लागूनच, निपाणीपासून जेमतेम चाळीस किलोमीटरवर. मधे कोगनोळीचा नाका आणि १९५६ पासूनची राज्याची हद्द. म्हणजे निपाणीला जवळचा विमानतळ परराज्यात!

मुंबईचा हिशेब घरापासून मांडला की विमानाचा डौल बराच उतरतो. सांबऱ्यापर्यंत दोन तास, उड्डाणाआधी दीड-दोन तास, हवेत तासाभराहून थोडं अधिक, आणि मुंबईत उतरल्यावर सामान घेऊन गर्दीतून मुक्कामी पोचायला आणखी दीड तास. झाले सहा-साडेसहा. रात्री दहाला निपाणीच्या हायवेवर स्लीपरमध्ये आडवा झालेला माणूस सकाळी वाशीला उतरतो. त्याचे तास जास्त गेले खरे, पण ते झोपेचे. यावर कुणी म्हणेल, प्रत्येकाचं घर वेगळं, मग मोजायचं तर विमानतळापासूनच. मोजमापासाठी हे मान्य. पण प्रवास ठरवताना तोच आकडा धरला की चूक होते.

लांबच्या प्रवासात हवेतलेच तास जास्त, तेव्हा तिथे तरी किलोमीटरवरून वेळ कळेल, असाही एक युक्तिवाद आहे. तोही अर्धाच खरा. मुंबई-लंडन सुमारे ७२०० किलोमीटर, पण पश्चिमेकडून येणाऱ्या उंचावरच्या वाऱ्यामुळे जाताना लागणारा वेळ येतानापेक्षा बहुधा जास्त असतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा दिल्लीहून युरोपला जाणाऱ्या आपल्या विमानांना दक्षिणेकडून वळसा घ्यावा लागला. नकाशावरचं अंतर तेच राहिलं, घड्याळ बदललं.

म्हणून निपाणीला जवळचा विमानतळ कोणता, हे आधी जायचंय कुठे त्यावर ठरतं. मुंबईसाठी रात्रीची बस पुरते. दिल्लीची गोष्ट निराळी: निपाणीत रेल्वे स्टेशनच नाही, बाहेरून गाडी पकडली तरी दीड दिवस डब्यात, आणि विमानाला अडीच तास. तिकडे निघालेल्याने तवंदीचा घाट बिनदिक्कत चढावा.