पुसल्याने काय जाते?

गेल्या काही महिन्यांत माझ्या हातून घडलेली एक गोष्ट सांगावी की न सांगावी, असा विचार बरेच दिवस चालला होता. परंतु तीतून जो प्रश्न उभा राहिला तो माझ्या एकट्याचा नव्हे. आज आपल्या घराघरांत प्रत्येकाच्या हाती फोन आहे, आणि त्यात लिहिणे जितके सोपे झाले आहे तितकेच पुसणेही. म्हणून सभासद कुटुंबांपुढे ती गोष्ट मांडण्याचे धाडस करीत आहे.

माझे थोरले बंधू बेळगावास असत. आमच्यातील पोस्टाची पत्रे केव्हाच थांबली होती आणि त्यांची जागा व्हॉट्सॲपने घेतली होती. रोज सकाळी दादांचा संदेश येई. त्यात त्या दिवसाची तिथी असे आणि तिच्यापाठोपाठ वडिलांची एखादी आठवण. कोणत्या एकादशीला वडील अनवाणी चालत गेले, कोणत्या श्रावणात घराची मागली भिंत खचली आणि ती कोणी उभी केली, असे काहीबाही ते लिहीत. सात वर्षे हा क्रम चालला. मी बहुधा जोडलेल्या हातांचे चित्र पाठवून मोकळा होत असे.

पुढे वडिलोपार्जित घराच्या वाटणीवरून आमच्यात वितुष्ट आले. एका रात्री मी दादांना धाकट्या भावाला न शोभणारा एक संदेश लिहिला आणि त्याच रागाच्या भरात त्यांच्याशी झालेला सारा संवाद माझ्या फोनमधून पुसून टाकला. पुसल्यावर मनाला मोठे समाधान वाटले, हे कबूल केले पाहिजे. त्यानंतर आमचे बोलणे झाले नाही. आठ महिन्यांनी दादा गेले. तेराव्यानंतर मी घरी परतलो तेव्हा मला घराचा हिस्सा नको होता. सात वर्षांच्या त्या सकाळच्या तिथ्या तेवढ्या हव्या होत्या. आणि त्यांचा बॅकअप नव्हता. फोनमधील जागा भरते म्हणून तो मीच बंद करून ठेवला होता.

एका परिचित तरुण अभियंत्याकडे मी फोन घेऊन गेलो. त्याने जे समजावून सांगितले ते येथे थोडे विस्ताराने देतो, कारण कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

फोनमधील संदेश म्हणजे एका मोठ्या वहीतील ओळी, असे समजावे. आपण एखादी ओळ पुसतो तेव्हा ती बहुधा लगेच खरवडली जात नाही. ‘ही जागा आता मोकळी आहे’ एवढीच नोंद होते. पुढे त्या जागेवर नवा मजकूर लिहिला गेला म्हणजे जुने अक्षर खरोखर नष्ट होते. तथापि हल्लीच्या फोनमधील सारा मजकूर सांकेतिक लिपीत कुलूपबंद असतो. २०१९ साली आलेल्या अँड्रॉइड १० पासून तर नव्या फोनांस ते बंधनकारकच झाले. त्यामुळे बॅकअप नसतानाही सर्व काही परत आणून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या प्रोग्रामांच्या हाती सहसा काही लागत नाही. उलट आपला खाजगी मजकूर मात्र परक्याच्या हाती जातो. कंपनीकडे मागावे, तर एकदा पोहोचलेला संदेश व्हॉट्सॲप आपल्या यंत्रांत ठेवीत नाही, आणि २०१६ पासून तो केवळ लिहिणाऱ्याच्या व वाचणाऱ्याच्या फोनमध्येच उलगडतो.

एक वाट मात्र पुष्कळांस ठाऊक नसते. अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सॲप रोज रात्री दोनच्या सुमारास फोनमध्येच एक प्रत करून ठेवते आणि अशा सुमारे सात दिवसांच्या प्रती राखते. चूक ताबडतोब ध्यानात आली, तर ती प्रत आधी दुसरीकडे नकलून ठेवावी, ॲप काढून त्याच नंबरावर पुन्हा बसवावे आणि जुने संदेश परत घ्यावे. त्या प्रतीनंतर आलेले तेवढे जातात. आयफोनवर ही सोय नाही.

तो तरुण म्हणाला, “काका, आठ-दहा दिवसांनी आला असता तरी उशीर झाला असता. तुम्ही आठ महिन्यांनी आला आहात.” मी उठलो, तेव्हा त्याने पुढे म्हटले, “पण एक प्रत अजून असेल. त्यांच्या फोनमध्ये.”

हे ऐकून मला तुकोबांच्या गाथेची आठवण झाली. इंद्रायणीत बुडविलेल्या वह्या तेराव्या दिवशी कोरड्या वर आल्या, अशी आपली श्रद्धा आहे. संताजी जगनाडे यांनी अभंग उतरून घेतले होते आणि लोकांच्या मुखी ते होतेच, असेही सांगतात. कोणी कशावरही विश्वास ठेवो. ज्यांच्यासाठी ते शब्द होते त्यांच्यापाशी ते राहिले होते, ही गोष्ट दोन्हींत समान आहे. माझ्या बाबतीत मात्र फरक असा, की वह्या बुडविणारा मीच होतो.

वहिनींकडे जाण्यास मला आणखी महिना लागला. फोन मागण्याआधी क्षमा मागणे भाग होते, आणि ते काम फोन उघडण्यापेक्षा अवघड होते. वहिनींनी सारे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “भावोजी, तुमचं एक अक्षरही त्यांनी पुसलेलं नाही. वाचवेल का तुम्हांला सगळं?”

त्यांच्या प्रश्नाचा अर्थ मला फोन हाती आल्यावर कळला. मी दादांचे शब्द शोधावयास गेलो होतो. तेथे माझेही शब्द होते. सात वर्षांच्या तिथ्यांच्या शेवटी माझा तो संदेश जसाच्या तसा होता. त्याखाली, लिहून न पाठविलेली दादांची एक ओळ तशीच पडून होती. दुसऱ्या दिवशीची तिथी होती ती. पुढे आठवण लिहिलेली नव्हती.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. पुसल्याने काय जाते? न्यायशास्त्राने अभावाचे चार प्रकार मानले आहेत. त्यांपैकी प्रध्वंसाभाव म्हणजे असलेली वस्तू नाहीशी झाल्याने येणारा अभाव. घट फुटला की घटाचा प्रध्वंस होतो. परंतु तो घट कधी नव्हताच, असे काही केल्या होत नाही. माझ्या फोनमधील संवादाचा प्रध्वंस मी करू शकलो. तो घडलाच नव्हता, असे करणे माझ्या हाती नव्हते. पुसताना जे समाधान वाटले ते या भ्रमाचे होते. मी कर्म पुसले नव्हते. मला त्याची आठवण करून देणारा साक्षीदार तेवढा घराबाहेर काढला होता. तो साक्षीदार दुसऱ्या घरी आठ महिने राहिला, आणि तेथे त्याचा भार दादांनी एकट्याने वाहिला.

यावर कोणी म्हणेल, मग दादांनी तो संदेश राग धरूनच ठेवला असेल. मीही बरेच दिवस तसाच विचार केला. परंतु राग धरणारा माणूस दुसऱ्या दिवशीची तिथी लिहावयास घेत नाही. ती पाठविणे त्यांना का जमले नाही, याचे उत्तर माझ्या संदेशातच होते.

दुसरा प्रश्न अधिकाराचा आहे. पुसलेले परत मिळविण्याचा हक्क कोणाला? माझ्या मते येथे भेद केला पाहिजे. स्वतःच्या चुकीने गेलेले शोधण्यात दोष नाही. तो केवळ प्रयत्नाचा विषय आहे. स्वतःच्या रागाने घालविलेले हवे असेल, तर ज्याच्यावर राग केला त्याच्या दारी जावे लागते, आणि तेथे यंत्र उपयोगी पडत नाही. परंतु दुसऱ्याने मागे घेतलेला शब्द निराळा. पाठविलेला संदेश दोघांकडूनही पुसण्याची सोय व्हॉट्सॲपवर २०१७ पासून आहे. २०२२ पासून त्यासाठी दोन दिवसांहून थोडा अधिक अवधी मिळतो. उलट, अँड्रॉइड ११ पासून फोनवर आलेल्या सूचनांचा इतिहास राखता येतो, आणि त्यात मागे घेतलेला शब्दही दिसू शकतो. धमकी किंवा फसवणूक असेल तर पुरावा जपणे कर्तव्यच आहे. एरवी, कोणी रागाच्या भरात बोलून गेला आणि शब्द परत घेऊ पाहतो, त्याला तो घेऊ द्यावा. मला तशी बुद्धी वेळीच झाली असती तर किती बरे झाले असते! खाजगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली दिला. पण घरातील माणसांत तो न्यायालयाच्या आधी पाळावयाचा असतो.

म्हणूनच दादांच्या फोनमधील इतर कोणताही संवाद मी उघडला नाही. आमच्या दोघांचा तेवढा पुतण्याने ‘एक्सपोर्ट’ करून मला पाठविला. माझा तो संदेश गाळून पाठवू का, असे त्याने विचारले. मी नको म्हटले.

वाचकांस एवढीच विनंती, की बॅकअप चालू ठेवावा. मीही आता ठेवला आहे. आणि कोणाचा संवाद पुसण्यापूर्वी एक रात्र जाऊ द्यावी. जमल्यास त्या माणसाला भेटावे.

हल्ली रोज सकाळी मी वहिनींना तिथी कळवितो. आठवण लिहिणे मला दादांसारखे साधत नाही; पण त्यांच्याच जुन्या संदेशांतील एखादी उतरून पाठवितो. एखाद्या दिवशी वहिनींचे उलट उत्तर येते, की ही मला ठाऊक नव्हती.