असीरगडावरील अश्वत्थामा

बुऱ्हाणपुराच्या उत्तरेस सुमारे वीस किलोमीटरांवर असीरगड उभा आहे. नर्मदा आणि तापी यांच्या खोऱ्यांमधील सातपुड्याची वाट त्याने शतकानुशतके राखली. १६०१ साली अकबराने तो फारुकी सुलतानांकडून घेतला. पुढे तो शिंद्यांकडे होता आणि १८१९ साली इंग्रजांच्या हाती गेला. तटावरून दिसणाऱ्या डोंगररांगा, विशेषतः पावसाळा सरल्यावर, मन निवविणाऱ्या आहेत. तथापि गडाची ख्याती एका दंतकथेमुळे अधिक. तेथील शिवमंदिरात अश्वत्थामा पहाटे पूजा करून जातो आणि पिंडीवर ताजे फूल आढळते, असे लोक सांगतात. त्याच्या कपाळाची जखम अजून वाहते, तो वाटसरूंजवळ तेल मागतो, ज्याला दिसला तो वेडा होतो, असेही म्हणतात. नर्मदेची परिक्रमा करणारी आपली मंडळीही अशाच गोष्टी घेऊन घरी येतात.

फूल कोण वाहतो, याचा शोध एखाद्या हौशी गृहस्थाने रात्र जागून घ्यावा. आम्हांस पडलेला प्रश्न निराळा आहे. निद्रिस्तांचा वध आणि उत्तरेच्या गर्भावर सोडलेले अस्त्र, या पातकांसाठी श्रीकृष्णाने अश्वत्थाम्यास शाप दिला. रक्तपुवाच्या दुर्गंधीने भरलेला देह घेऊन, कोणाशी बोलता न येता, एकाकी भटकावयाचे, किती काळ? सौप्तिकपर्वात मुदत स्पष्ट आहे: ३००० वर्षे. आता पंचांगाच्या गणनेने कलियुगासच ५१०० हून अधिक वर्षे लोटली, आणि भारतीय युद्ध त्याच्याही आधीचे. म्हणजे परंपरेच्याच हिशेबाने ही शिक्षा केव्हाच भोगून संपली. मग त्यास अद्याप गडावर फिरवितो कोण? देव नव्हे, आपण.

यावर कोणी म्हणेल की, झोपलेल्यांस मारणाऱ्याची कीव करावी, तर झोपणाऱ्यांनी कोणाच्या भरवशावर डोळे मिटावे? आक्षेप रास्त आहे. ते कृत्य विसरू नये हेच खरे. परंतु कृत्याची आठवण ठेवणे निराळे आणि शिक्षेची मुदत आपल्या मर्जीने वाढविणे निराळे. ज्या द्रौपदीचे पाच पुत्र त्या रात्री गेले, तिने महाभारतात त्याच्या मस्तकावरील मणी मागितला, आणि तो मिळताच ऋण फिटले असे मानले. भागवतात तर ती बांधून आणलेल्या गुरुपुत्रास सोडा म्हणते. मी रडते तशी त्याची आई रडू नये, एवढेच तिचे कारण. जिचा हक्क सर्वांत मोठा, ती थांबली. ज्यांचे काहीच गेले नाही, ते आम्ही थांबत नाही.

सजा भोगून आलेल्या माणसास न्यायालय मोकळे करते, गाव करीत नाही. त्याच्या मुलीचे जमत आलेले स्थळ परत जाते. मुलाला कोणी दुकानात कामास ठेवीत नाही. तो दारी आला की आतून कडी लागते. त्याने काय मागितले, हे ऐकून घेण्याइतकाही कोणी थांबत नाही.

आणि आपल्याच घरी, मुलाच्या वाढदिवशी, दीर्घायुष्यासाठी सप्तचिरंजीवांचे स्मरण होते, तेव्हा पहिले नाव येते ते अश्वत्थाम्याचे.