जनरेटर गॅलरीत कुठे ठेवायचा?

मागच्या मे महिन्यात एका रात्री साडेअकराला आमच्या लालबागच्या चाळीत लाइट गेली. जमिनीखालच्या केबलमध्ये बिघाड होता, म्हणजे तीन-चार तासांची निश्चिंती. दहा मिनिटांत सगळा मजला गॅलरीत आला. कुणी चटई टाकली, कुणी पुठ्ठ्याने वारा घेऊ लागलं. तेवढ्यात कोपऱ्यातल्या खोलीतल्या मुलाने पलंगाखालून जनरेटर काढला. मित्रांबरोबर व्हॅन घेऊन भटकायला जाताना वापरायचा म्हणून त्याने तो घेतला होता. सुटकेसएवढा, वीसेक किलोचा, वर धरायला मूठ. त्याने तो दाराबाहेर ठेवला, दोरी ओढली आणि अख्ख्या चाळीत त्याच्या एकट्याच्या खोलीत पंखा फिरू लागला.

पाच मिनिटं सगळ्यांनी कौतुक केलं. मग शेजारच्या काकी म्हणाल्या, “बाळा, तुझा पंखा चालू दे, पण हा धूर माझ्या दारात नको.” तो म्हणाला, “काकी, थोडाच वेळ. माझंच पेट्रोल आहे ना, तुम्हाला काय त्रास?”

तो मुलगा स्वभावाने वाईट नाही. स्वतःच्या पैशाने घेतलेली वस्तू गरजेच्या वेळी वापरली, यात त्याचं काय चुकलं, हा त्याचा प्रश्नही खोटा नाही. म्हणूनच तो डोक्यात राहिला.

आपल्याकडे इन्व्हर्टर म्हटलं की घरातली मोठी बॅटरी आठवते. हा इन्व्हर्टर जनरेटर वेगळा. यात छोटं पेट्रोल इंजिन असतं. त्यावर तयार होणारी एसी वीज आधी डीसी केली जाते आणि मग इलेक्ट्रॉनिक सर्किट तिची पुन्हा 50 हर्ट्झची एसी बनवतं. त्यामुळे इंजिनाला सतत एकाच वेगाने पळावं लागत नाही. लोड कमी असला की ते हळू चालतं, पेट्रोल कमी पितं, आवाजही कमी करतं. लॅपटॉप आणि मोबाइलला ही वीज बिनधास्त चालते. पण एका लिटर पेट्रोलमधून असं लहान यंत्र साधारण एक ते दीड युनिटच वीज देतं. पेट्रोलचा भाव लक्षात घेतला तर हे युनिट घरच्या बिलातल्या युनिटच्या कितीतरी पट महाग पडतं. तरीही लाइट नसताना कुणी हा हिशोब करत नाही.

कंपन्या या यंत्रांचा आवाज 50 ते 60 डेसिबल असल्याचं सांगतात, पण तो बहुधा सात मीटरवरून मोजलेला असतो. आमच्या खोल्या दहा बाय बाराच्या. सात मीटर म्हणजे दोन खोल्या ओलांडून तिसऱ्याचं दार. कायद्याप्रमाणे निवासी भागात रात्री दहानंतरची मर्यादा 45 डेसिबल आहे.

आवाजापेक्षा धूर वाईट. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. काकींना वास आला तो बाकीच्या धुराचा. खरा मारेकरी वास न देताच घरात शिरतो. म्हणून असं यंत्र खोलीत किंवा बाल्कनीत कधीच चालवायचं नाही, कोणत्याही दारा-खिडकीपासून किमान वीस फूट लांब उघड्यावर ठेवायचं, असा नियम सांगितला जातो.

हा नियम घेऊन आमच्या गॅलरीत उभं राहा. कुणाच्याच दारापासून वीस फूट लांब अशी जागा तिथे नाही. माझ्या दारापासून यंत्र लांब सरकवलं की ते काकींच्या दाराजवळ जातं, तिथून सरकवलं की पुढच्या काकांच्या. ‘माझी वस्तू, माझी मर्जी’ हे वाक्य ज्याच्या घराभोवती वीस फूट मोकळी जागा आहे त्यालाच परवडतं. गिरगाव, परळ, लालबागच्या चाळींमध्ये माझ्या उजेडाचा धूर दुसऱ्याच्या घरातूनच जातो.

याहून गंभीर गोष्ट पुढे झाली. त्या मुलाला जनरेटरची वायर थेट घरातल्या प्लगमध्ये खोचायची होती, म्हणजे सगळे दिवे एकदम लागतील. एका इलेक्ट्रिशियन काकांनी त्याचा हातच धरला. मधे चेंजओव्हर स्विच नसेल तर ही वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते, पुढे ट्रान्सफॉर्मरमधून तिचा दाब वाढू शकतो, आणि लाइन बंद आहे असं समजून काम करणाऱ्या वायरमनचा जीव जातो. सगळ्यांची लाइट परत आणायला जो माणूस रस्त्यावर खड्ड्यात उतरलाय, त्यालाच माझा खासगी उजेड मारू शकतो.

आता कुणी म्हणेल, मग बॅटरीवाला पॉवर स्टेशन घ्या. धूर नाही, आवाज नाही, प्रश्न मिटला. धुराचा मिटला. दुसरा एक राहतो.

चाळीत लाइट जाते तेव्हा सगळ्यांचीच जाते. म्हणून दहा जण फोन करतात, दोघं नाक्यापर्यंत जाऊन गाडी आली का बघतात. समोर गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये त्याच वेळी डिझेल जनरेटर आपोआप सुरू होतो. तिथल्या बऱ्याच जणांना लाइट गेल्याचं कळतही नाही. ज्यांच्या तक्रारीला वजन आहे त्यांना तक्रारच उरत नाही, आणि ज्यांना आहे त्यांचं ऐकायला वेळ लागतो. नायजेरियात लहान पेट्रोल जनरेटरला लोकांनी ठेवलेल्या नावाचा अर्थ होतो ‘मी शेजाऱ्यापेक्षा बरा’. या नावात विनोद आहे आणि कबुलीही. सगळ्यांची वीज सुधारेल ही आशा सुटली की माणूस निदान शेजाऱ्याच्या पुढे राहायला बघतो.

टॉवरवर बोट दाखवणं आम्हा चाळवाल्यांना सोपं जातं. पण माझा सातारकडचा मामेभाऊ मला हसतो. 2005 नंतरची काही वर्षं महाराष्ट्राच्या खेड्यांत रोज कित्येक तास, कुठे कुठे बारा तासांहून जास्त, लोडशेडिंग होतं. मुंबईला ते नव्हतं. तो रॉकेलच्या दिव्याखाली दहावीचा अभ्यास करत होता, तेव्हा मी पंख्याखाली कंटाळत होतो. त्याच्या दृष्टीने मुंबई हाच तो टॉवर.

हे अगदी शब्दशः खरं आहे. बाहेरच्या ग्रिडमध्ये गडबड झाली की मुंबईने स्वतःला तोडून घ्यावं आणि ट्रॉम्बेसारख्या जवळच्या केंद्रांवर चालत राहावं, अशी ‘आयलंडिंग’ची व्यवस्था 1981 पासून आहे. म्हणजे अख्ख्या शहराचा बॅकअप. 12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी दहाच्या सुमारास ती व्यवस्था मुंबईला वाचवू शकली नाही. लोकल जागच्या जागी थांबल्या, सिग्नल बंद पडले, कोविडच्या भर काळात रुग्णालयं जनरेटरवर गेली. बऱ्याच भागांत दुपारपर्यंत वीज आली, काही भागांत बराच उशीर लागला. ती देशभर बातमी झाली. त्याच्या गावात तेवढा अंधार कधी बातमी नव्हता.

आणि या बॅकअपच्या मुळाशी पाणी आहे. 1915 मध्ये खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं आणि परळ-लालबागच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. पुढे मुळशीला धरण बांधायला टाटांनी घेतलं, तेव्हा 1921 मध्ये तिथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट त्यात ‘सेनापती’ झाले, तुरुंगात गेले. धरण झालंच. गावं आणि भातशेती पाण्याखाली गेली, आणि 1927 पासून ते पाणी भिऱ्याला उतरून मुंबईसाठी वीज करू लागलं. माझे आजोबा ज्या गिरणीत रात्रपाळी करायचे, तिथल्या दिव्यांचा धूरही कुणाच्या तरी दारातून गेला होता. फक्त ते दार वीस फुटांवर नव्हतं, शंभर किलोमीटरच्या पलीकडे होतं, म्हणून कुणी “माझ्या दारात नको” म्हणाल्याचं इथे ऐकू आलं नाही.

यावरून मुंबईने बॅकअप ठेवू नये असं मी म्हणणार नाही. रुग्णालयं चालली पाहिजेत, लोकल बोगद्यात अडकू नये. त्या मुलानेही जनरेटर विकून टाकावा असं नाही. अंधारात सगळ्यांबरोबर बसून राहण्यात काही मोठं पुण्य नाही. मला एवढंच वाटतं की बॅकअप असणाऱ्यावर दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची जबाबदारी येते. याचा धूर कुणाच्या दारातून जातोय? आणि हा प्लग आधी कुणाला लागायला हवा?

त्या रात्री आमच्याकडे या प्रश्नांची उत्तरं भांडून मिळाली. जनरेटर खाली अंगणाच्या मधोमध नेला, सगळ्यांच्या खिडक्यांपासून जमेल तितका लांब. तळमजल्यावरच्या आजींचं ऑक्सिजनचं मशीन साडेतीनशे वॉटचं, पहिली वायर तिकडे गेली. मग एक एक्स्टेन्शन बोर्ड, ज्यावर सगळ्यांचे मोबाइल. पंखा नाही. पेट्रोलसाठी वर्गणी काढली. मुलगा थोडा नाराज होता, कारण शेवटी त्याच्याच खोलीत उकाडा राहिला. आवाजाची मर्यादा आम्हीही मोडलीच, पण त्या आवाजाबद्दल कुणी तक्रार केली नाही. पहाटे तीनला लाइट आली.

आता दिवाळीनंतर तो मुळशीच्या तलावाकाठी कॅम्पिंगला चाललाय, जनरेटर घेऊन. मी त्याला सत्याग्रहाची गोष्ट सांगितली. तो जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “मग नेऊ नको का?”

मी म्हटलं, ने. पण रात्री सुरू करण्याआधी काठावरच्या वाडीत जाऊन विचार, कुठे ठेवू.