शांतता कोणासाठी?

'जरा शांत राहा,' असे वेदनेने तळमळणाऱ्या स्त्रीला आपण सांगतो, तेव्हा शांतता नेमकी कोणाला हवी असते? एन्डोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर रुजतात. जगात सुमारे १९ कोटी स्त्रियांना हा विकार आहे. वर्षानुवर्षांच्या कळांनी कित्येकींची मज्जासंस्था इतकी हळवी होते की, ओझरता स्पर्शही सोसवत नाही. दीर्घ, संथ उच्छ्वासाने हृदयाची धडधड मंदावते, जीव थोडा सैलावतो, हे खरेच; पण पेशी जेथल्या तेथेच राहतात. कटकला बदली झाली असताना डॉक्टरांपुढे पत्नीचे मराठी दुखणे मी हिंदीत सांगत असे, आणि (भिडेपोटी, दुसरे काय!) 'असह्य'चे 'थोडेसे' करीत असे. घरी येऊन ती डोळे मिटून श्वास मोजी. मला वाटे, उपाय लागू पडला.