समाईक मिळकत आणि आपला वाटा

वडिलार्जित घराच्या उताऱ्यावर चार भावांचीं नांवें असावीं आणि त्यांतील एकानें आपला हिस्सा मोजून, वेगळा काढून विकावयाचें म्हणावें, असा प्रसंग पुष्कळ कुटुंबांत केव्हां ना केव्हां येतो. अशा वेळीं विकणाऱ्यास 'घरबुडव्या' ठरवून मोकळें होण्याची आपली रीत आहे. ती कितपत न्याय्य आहे, हें पाहण्यासारखें आहे.

मिताक्षरेप्रमाणें वडिलार्जित मिळकतींत मुलाचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो. २००५ च्या दुरुस्तीनें तो मुलीसही मिळाला. वाटणी होईपर्यंत अमुक खोली अमक्याची, असें कोणासही म्हणतां येत नाहीं. परंतु वाटणी मागण्याचा हक्क प्रत्येक हिस्सेदारास आहे. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरांतील हिस्सा कोणी परक्यास विकला, तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यान्वयें त्या परक्यास कुटुंबाबरोबर एकत्र वहिवाट करतां येत नाहीं. आणि त्यानें वाटणीचा दावा आणल्यास, १८९३ च्या वाटणीच्या कायद्यानें घरच्या हिस्सेदारास तो हिस्सा न्यायालय ठरवील त्या किमतीस विकत घेतां येतो. यांतील मर्म लक्षांत घेण्याजोगें आहे. घराविषयींच्या ममतेला कायद्यानें अधिकार दिला खरा; पण तो मनाई करण्याचा नव्हे, किंमत मोजून घेण्याचा.

हें मर्म आम्हांस पुस्तकावरून उमगलें नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं, कोंकणांत गांवीं राहून घर सांभाळणाऱ्या आमच्या चुलतभावानें पत्नीच्या आजारपणासाठीं आपला पोटहिस्सा पाडून विकण्याचें ठरविलें. आम्ही पुण्याहून त्यास चार पानांचें पत्र लिहिलें. त्यांत आजोबांनीं लावलेले माड होते, गणपतीचे दिवस होते, पूर्वजांची पुण्याई होती. त्याच्या पत्नीच्या प्रकृतीची चौकशी तेवढी नव्हती. त्याचें उत्तर एका ओळीचें आलें : "दादा, मग हा वाटा तुम्हीच घ्या." आमच्यापाशीं पैसा नव्हता असें नाहीं, तो दुसऱ्या कामीं गुंतविण्याचा बेत होता. दोन महिने आम्ही उत्तर दिलें नाहीं. शेवटीं वाटणीपत्रावर सही केली, ती मनांत अढी ठेवूनच.

मग विकणाऱ्यावर कांहींच बंधन नाहीं काय? आहे. विकणारा केवळ आपलाच भाग विकतो असें नाहीं. विहीर, वाट, उजेड यांच्यायोगें उरलेल्या भागाचेंही रूप तो पालटतो. म्हणून त्यानें आधीं घरच्यांस विचारावें, वाजवी मुदत द्यावी, आणि पाण्यावांचून किंवा वाटेवांचून कोणास सोडूं नये. परंतु जो स्वतः घेत नाहीं, वाटूंही देत नाहीं, आणि अडचणींतल्या भावास केवळ आठवणी ऐकवितो, तो घर राखीत नसतो. दुसऱ्याच्या खर्चानें आपल्या आठवणी राखीत असतो.

गेल्या वैशाखांत आम्ही गांवीं गेलों. अंगणांत आतां चिऱ्यांची भिंत आहे आणि विहीर भिंतीपलीकडे गेली आहे. नवे मालक म्हणाले, "पाणी न्या ना, तुमचा हक्कच आहे." त्यांनीं दाखविलेलें खरेदीखत आम्ही वाचलें. त्यांत आमच्या चुलतभावानें सर्व भावांसाठीं विहिरीचें पाणी व तेथवर जाण्यायेण्याची वाट कायमची राखून ठेविली होती. त्यास आम्ही घरांत काय म्हणत होतों, तें आरंभींच सांगितलें आहे.