सावलीतील खुर्ची

बारावीचा निकाल लागला, तेव्हा आमच्या भाचीला मेकॅनिकल शाखा घ्यावयाची होती. आम्हीच तिला समजावले, "कॉम्प्युटर घे बाळ. सावलीत बसून काम. ऊन नाही, कारखान्याची धूळ नाही." नागपूरच्या उन्हाळ्यात हा सल्ला कुणालाही शहाणपणाचाच वाटेल. तिने ऐकले.

पाश्चात्त्य विद्यापीठांतील संशोधकांचा प्रश्न नेमका उलटा असतो : संगणकशास्त्रात मुली इतक्या कमी का? अमेरिकेत १९८४ च्या सुमारास या विषयाच्या पदवीधरांत स्त्रिया सुमारे ३७ टक्के होत्या. पुढे हे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. त्यातून संगणक हे पुरुषी क्षेत्र, अशी मांडणी तिकडे रूढ झाली. मात्र रोली वर्मा व दीपक कपूर यांनी भारतातील विद्यार्थिनींना बोलते केले, तेव्हा निराळेच चित्र दिसले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात या मुलींना हा विषय स्त्रियांना साजेसाच वाटतो : बुद्धीचे काम, तेही चार भिंतींच्या आत. उल्फ मेलस्ट्रम यांना मलेशियातही संगणकाच्या वर्गांत मुलीच अधिक आढळल्या होत्या. म्हणजे यंत्राला लिंग नसते. ते आपण त्याला चिकटवतो.

येथवर सारे आनंदाचेच. परंतु 'साजेसे' या शब्दापाशी आम्ही अडखळतो. ज्या मायेने मुलीला संगणकापुढे बसविले, तीच माया पुढे मिहानमधील रात्रपाळी आली की "नोकरी सोड" म्हणते. वर्गातील मुलींची संख्या मोजणाऱ्या संशोधनाला ही माया कशी मोजता येणार? आणि वर्गाबाहेरचे काय? २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील ५७.१ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरले होते. स्त्रियांपैकी केवळ ३३.३ टक्के. एकाच घरात लेक संगणक अभियंता आणि आईच्या हाती साधा फोनही नाही, हे आपल्याकडे अशक्य नाही.

भाचीचे उत्तम चालले आहे. सल्ला चुकला, असे कुणी म्हणणार नाही. गेल्या नाताळात मात्र तिच्या धाकट्या भावाने मेकॅनिकल घेतल्याचे सर्वांना कौतुकाने सांगितले, तेव्हा ती हसून एवढेच म्हणाली, "मामा, याला उन्हाचं कुणी विचारलं नाही?"

आम्ही केकचे ताट पुढे सरकविले.